गोष्टीतली बाई आणि तिची सोबत

  आज बचतीचं, हप्त्याचं, कर्जाचं बोलायचं नाही. आज गोष्टींबद्दल बोलू.

गटाच्या बैठकीत हिशेब संपला की गप्पा निघतात, आणि त्यात हल्ली एक वाद वरचेवर ऐकू येतो. सिनेमात, मोबाइलवर, शाळेतल्या पुस्तकात गोष्टीतल्या बाया फार बदलल्या आहेत. राजकन्या घोड्यावर बसते, तलवार घेते, राजपुत्राला सरळ नाही म्हणते. आज्या म्हणतात, जुनी गोष्ट मोडू नये, पाप लागतं. पोरी म्हणतात, जुन्या गोष्टी ऐकूच नयेत, त्यात बाई नुसती सोसते, रडते, नाही तर व्रत करते.

हा वाद वरवरचा नाही. घरात मार खाणारी बाई गटात येऊन मन मोकळं करते, तेव्हा कुणीतरी तिला म्हणतंच, "सावित्रीनं यमाच्या हातून नवरा सोडवून आणला, अन् तुला घर सांभाळता येत नाही काय?" म्हणजे गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही, ती काठीसारखी वापरली जाते. म्हणून त्या गोष्टी कुठून आल्या, कुणी सांगितल्या, कुणी बदलल्या, हे आपल्याला माहीत पाहिजे. इतिहास पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. एक, गोष्टीतली बाई कधीच एका जागी थांबलेली नव्हती, प्रत्येक सांगणाऱ्यानं तिला बदललं. दुसरी, बाया स्वतः सांगायला लागल्या की त्या नायिकेला बहुतेक वेळा सोबत मिळवून देतात.

सुरुवात आपल्या वाशीमपासूनच करू. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन, चौथ्या शतकातला. तो स्वतः कवी होता आणि आपल्या मराठीची जी आजी म्हणता येईल, त्या महाराष्ट्री प्राकृत भाषेत त्यानं 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. पूर्ण काव्य आज मिळत नाही, पण विषय माहीत आहे. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण इंद्राकडून पारिजातकाचं झाड आणतो. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या राजालाही जुनी गोष्ट आपल्या भाषेत आपल्या पद्धतीनं सांगावीशी वाटली, आणि तिच्या मध्यभागी एक रुसलेली बाई होती.

त्यानंतर पाचेकशे वर्षांनी, इसवी सन ९०० च्या सुमारास, राजशेखर नावाचा पंडित झाला. 'काव्यमीमांसा' या त्याच्या संस्कृत ग्रंथात वाशीमची एक सुंदर गोष्ट आहे. सरस्वतीला एक मुलगा झाला, त्याचं नाव काव्यपुरुष. एकदा आई बरोबर नेत नाही म्हणून तो रुसून घर सोडून निघाला. त्याचा दोस्त कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीनं, म्हणजे पार्वतीनं, विचार केला की प्रेमासारखं दुसरं बंधन नाही. तिनं एक मुलगी घडवली, तिचं नाव साहित्यविद्यावधू, आणि तिला सांगितलं, जा, तुझा नवरा रागानं चालला आहे, त्याला परत आण.

ती मुलगी निघाली. पूर्वेला गेली, उत्तरेकडे गेली, माळव्यात गेली, दक्षिणेत आली. जिथं गेली तिथला वेश घेतला, तिथलं नाचणं, तिथलं बोलणं शिकली. तो हळूहळू विरघळत गेला. शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात, दोघांनी लग्न केलं. नंतर ती दोघं हिमालयात परतली आणि सरस्वती न् गौरी एकमेकींच्या विहिणी झाल्या.

ही नवरी आपल्याला आवडते. ती देशभर फिरली, रस्त्यानं शिकत गेली. पण जरा थांबून पाहा. तिच्या नावातच 'वधू' आहे. तिला घडवलं ते रुसलेल्या नवऱ्याला परत आणण्यासाठी. तिला स्वतःला काय हवं होतं, हे तिला कुणी विचारल्याचं त्या गोष्टीत नाही. आणि तरी हाच राजशेखर त्याच पुस्तकात सांगतो की बायाही कवी होऊ शकतात, कारण विद्येचा संस्कार आत्म्यावर होतो आणि तो बाई-पुरुष बघत नाही. त्याची बायको अवंतिसुंदरी मोठी विदुषी होती, तिची मतं त्यानं तिचं नाव घेऊन आपल्या पुस्तकात नोंदवली. म्हणजे घरात बोलणारी बाई होती, गोष्टीत मात्र परत आणायला पाठवलेली बाई. गोष्ट सांगणारा चांगला असला तरी तो आपल्याच जागेवरून सांगतो.

आता सांगणारी बाई आली की काय होतं ते पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. तेराव्या शतकात तिथं महदाइसा राहत होती. लहानपणीच विधवा झालेली बाई. पण ती घरात कोपऱ्यात बसून राहिली नाही. ती चक्रधरस्वामींची शिष्या झाली, गुरूंना प्रश्न विचारी, आणि तिच्या प्रश्नांची उत्तरं पंथाच्या ग्रंथांत जपली गेली. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा करायचं ठरलं तेव्हा तिनं रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली. त्यांना 'धवळे' म्हणतात. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज महदाइसेचंच नाव घेतलं जातं.

रुक्मिणी ही तर आपल्या वऱ्हाडची लेक. अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीच्या काठचं कौंडिण्यपूर तिचं माहेर मानतात. भावानं शिशुपालाशी लग्न ठरवलं, ते तिला पसंत नव्हतं. तिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला, मला घेऊन जा. ही गोष्ट पुराणात होतीच. पण ज्या काळात विधवेनं मंगलकार्यात पुढं येऊ नये असं समजत, त्या काळात एका विधवेनं ही गोष्ट लग्नाच्या गाण्यांतून सांगितली, हे मोठं आहे. स्वतःचा नवरा स्वतः निवडणारी मुलगी कुणाच्या तोंडून आली, तर जिला निवडायची संधीच मिळाली नव्हती तिच्या.

तोंडी गोष्ट अशी सांगणाऱ्याबरोबर बदलते. छपाई आली आणि मग लोकांना वाटायला लागलं की गोष्ट आहे ती हीच, एकच. तेही खरं नव्हतं. जर्मनीतल्या ग्रिम भावांचं उदाहरण घ्या. आपल्या मुलांच्या पुस्तकात हिमगौरीची गोष्ट असते, ती त्यांच्याच पुस्तकातली. १८१२ साली त्यांनी ते पुस्तक पहिल्यांदा छापलं तेव्हा हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र आई केलं. आईची प्रतिमा बिघडू नये म्हणून सारा दोष सावत्र आईवर गेला. आणि या गोष्टी त्यांना सांगणाऱ्यांमध्ये बऱ्याच बाया होत्या. सांगितल्या बायांनी, लिहिल्या आणि दुरुस्त केल्या पुरुषांनी. आज ज्या घरी दुसरेपणाची बायको येते, तिला पाहून गाव आधीच ठरवून टाकतं की ही पोरांना छळणार. त्या संशयाला अशा छापील गोष्टींनीही खतपाणी घातलं आहे.

आपल्याकडे छापील पुस्तकातून या सगळ्याला पहिला जाब विचारला तो आपल्या शेजारच्या बुलडाण्यातल्या बाईनं. तिचं नाव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून. मुलींसाठी शाळा नव्हती, वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायांच्या नावानं बोटं मोडणं सुरू झालं. त्यावर ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध केलं.

त्यात त्यांनी गोष्टींनाही हात घातला. त्या काळी लोक आवडीनं वाचत त्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा कादंबऱ्यांत बाया कशा रंगवल्या आहेत, यावर त्यांनी टीका केली. आणि सावित्रीबद्दल त्यांनी जो प्रश्न विचारला तो आजही अंगावर येतो. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की नवऱ्यासाठी यमापर्यंत गेलेली सावित्री आम्हाला सारखी दाखवता, पण बायकोसाठी यमाच्या वाटेवर निम्म्यापर्यंत तरी गेलेला एखादा नवरा कुणी ऐकला आहे काय? ताराबाईंनी सावित्रीला नावं ठेवली नाहीत. त्यांनी गोष्टीत रिकामी राहिलेली जागा दाखवली. नवऱ्याची जागा.

पुस्तकावर त्या वेळी टीका झाली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार' अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंनी पुढं दुसरं पुस्तक काढलं नाही. त्यांचं पुस्तक लोक विसरले ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मधे ९३ वर्षं गेली. इतकी वर्षं आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या बाईचा प्रश्न आपल्यापर्यंत पोचला नाही.

आणि गंमत अशी, की सावित्रीची महाभारतातली मूळ गोष्ट वाचली तर ती व्रताच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोकळी आहे. बाप तिला सांगतो, तुझा नवरा तूच शोध. ती रथात बसून देशोदेशी जाते. स्वतः सत्यवानाला निवडते. तो वर्षभरात मरणार हे नारद सांगतात, तरी निवड बदलत नाही. पुढं यमाच्या मागं चालत जाते आणि बोलून, युक्तीनं, एकेक वर मिळवते. सासऱ्याची दृष्टी आणि राज्य मागते, आपल्या बापासाठी मुलगे मागते, मग नवऱ्याचे प्राण. म्हणजे तिची खरी ताकद चालण्यात आणि बोलण्यात होती. आपण मात्र तिच्यातलं उपवास न् सोसणंच तेवढं उचललं. पोरींना सावित्री सांगायचीच असेल तर तिचा रथ आणि तिचं बोलणं का वगळायचं?

आता ज्या गोष्टी कधी छापल्याच गेल्या नव्हत्या, त्यांच्याकडे वळू. जात्यावरच्या ओव्या. पहाटे दळताना आपल्या आज्यांनी रामायण गायलं ते रामाचं कमी, सीतेचं जास्त. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या कितीतरी आहेत. या ओव्यांतली सीता देवळातल्या मूर्तीसारखी नाही. ती टाकलेली बाई आहे. गरोदर आहे. रानात एकटी रडते आहे. आणि मग तिची समजूत घालायला कोण येतं, तर बोरी आणि बाभळी. काटेरी झाडं बाया होऊन येतात.

यावर आम्ही खूप विचार केला. बोर आणि बाभूळ म्हणजे काय? धुऱ्यावर, पडीक जमिनीवर, पाण्यावाचून वाढणारी झाडं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, काटे म्हणून लोक दूर राहतात. दळणाऱ्या बाईनं सीतेसाठी सोबत निवडली ती अशी. तिनं सीतेच्या हातात शस्त्र दिलं नाही, रामाला पश्चात्तापही करायला लावला नाही. तिनं शेजारणी पाठवल्या. ताराबाई भवाळकरांनी लोकसाहित्यातल्या या सीतेवर 'सीतायन' नावाचं पुस्तक लिहिलं आहे. २०२५ च्या दिल्लीतल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. जात्यावरची सीता अशी संमेलनाच्या मंचापर्यंत पोचली.

कहाण्यांतही हे दिसतं. नागपंचमीच्या कहाणीत एका सुनेला माहेरचं कुणीच नसतं, म्हणून नाग तिला माहेर देतो. शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहिणीला श्रीमंत भाऊ जेवणावळीत अपमान करून उठवतो. पुढं तिचे दिवस पालटतात, भाऊ मानानं बोलावतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेक घास त्यांच्यावर ठेवते. जेवायचं आमंत्रण मला नाही, यांना आहे. पोरींनो, ही सोसणारी बाई नाही. जुन्या गोष्टीत बोलणारी बाई होती, आपणच तिला हळू आवाजात वाचत आलो.

गेल्या साठ वर्षांत शिकलेल्या बायांनी हेच काम पुस्तकांतून केलं. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' १९६७ साली आलं. गांधारीनं डोळ्याला पट्टी बांधली ती पतिव्रता म्हणून, असं आपण ऐकत आलो. इरावतीबाईंनी त्या पट्टीमागचा राग वाचला. आंधळ्या राजाशी फसवून लग्न लावलेल्या मुलीचा राग. अरुणा ढेरे यांनी 'कृष्णकिनारा'मध्ये राधा, कुंती आणि द्रौपदी यांना त्यांच्या मनातलं बोलायला लावलं. २०१९ साली शेजारच्या यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा त्याच अध्यक्ष होत्या.

परदेशातही असंच घडलं. इंग्लंडच्या अँजेला कार्टर यांनी १९७९ साली जुन्या परीकथा नव्यानं लिहिल्या. त्यातल्या एका गोष्टीत बायकांचा खून करणाऱ्या नवऱ्याच्या हातून मुलीला सोडवायला तिची आई घोड्यावरून येते. जुन्या गोष्टीत भाऊ यायचे. २०१३ साली 'फ्रोझन' सिनेमा आला, मुलांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यात खऱ्या प्रेमानं शाप सुटतो, पण ते प्रेम राजपुत्राचं नसतं, बहिणीचं असतं. हा सिनेमा लिहिणारी बाईच होती, जेनिफर ली. कुणी आई पाठवली, कुणी बहीण, आपल्या आज्यांनी बोरी-बाभळी पाठवल्या.

म्हणून नव्या गोष्टींबद्दलही आम्हाला एक सांगायचं आहे. तलवारवाली राजकन्या दिसायला छान आहे, पण ती बहुतेक वेळा एकटी असते. सगळं तिनंच करायचं. लढायचंही तिनंच, जिंकायचंही तिनंच. आपल्याला हे ओळखीचं नाही काय? घर, शेत, पोरं, गट, सगळं एकट्या बाईनं ओढायचं आणि वरून तिला 'सबला' म्हणायचं. पूर्वी तिनं एकटीनं सोसायचं होतं, आता एकटीनं लढायचं. एकटेपण तेच राहिलं.

नवी गोष्ट आली की ती बाईच्या बाजूचीच असते, असंही नाही. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार ठोठावतो, ती म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, काजळ घालते. आता काही जण ही गोष्ट बदलून सांगतात की चिऊनं लगेच दार उघडावं, मदत करावी, वाटून घ्यावं. चांगली शिकवण आहे. पण गटात ही नवी गोष्ट निघाली की एखादी म्हणतेच, "काहून व माय, तिनं दार काहून उघडावं? घरात एकटी, कडेवर लेकरू, बाहेर अंधार. कोण आलं काय ठाऊक." जी बाई एकटीनं पोरं वाढवते, तिला चिऊचं ते थांब, थांब म्हणणं कंजूषपणा वाटत नाही, शहाणपण वाटतं. मग आमच्यात तिसरी गोष्ट तयार झाली. चिऊ आधी खिडकीतून शेजारच्या मैनेला, साळुंकीला हाक मारते. त्या आल्या की सगळ्या मिळून दार उघडतात. काऊलाही आसरा मिळतो, चिऊलाही भीती राहत नाही. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण त्यात पात्रं जास्त आणि आवाज जास्त.

आता आपल्याला काय करता येईल? भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. त्या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, रुसणं आहे. गाणी संपली की पोरींना घेऊन एक गोष्ट सांगा, जुनी असो की नवी, आणि मग तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट कोण सांगतंय, कुणाच्या बाजूनं? शेवटी बाईला बक्षीस काय मिळालं, नवरा, सोनं, मान, की काहीच नाही? आणि अडचणीच्या वेळी तिच्या सोबत कोण होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कुणीच नाही' असं आलं, तर गोष्ट तिथंच थांबवा आणि पोरींना विचारा, आता कुणाला पाठवू या? आवडती राणी आणि नावडती राणी एकदा तरी एकमेकींशी बोलल्या असत्या तर काय झालं असतं, हेही विचारून पाहा. पोरींनी सांगितलेलं वहीत लिहून ठेवा, तारीख टाका, सांगणारीचं आणि गावाचं नाव टाका. महदाइसेचं नाव टिकलं कारण कुणीतरी लिहून ठेवलं. ताराबाईंचा प्रश्न ९३ वर्षांनी तरी परत आला, कारण तो छापलेला होता. ओव्या रचणाऱ्या आपल्या कितीतरी आज्यांची नावं मात्र गेली.

आणि पुढच्या बैठकीत कुणी बाई रडत आली, आणि कुणी तिला सावित्रीचं उदाहरण द्यायला लागलं, तर तिच्या शेजारी जाऊन बसा. तिला विचारा, पोलिसांत जायचं की आधी माहेरी कळवायचं, की गटातल्या दोघीतिघींनी आजच तुझ्याबरोबर घरी यायचं. सावित्रीची गोष्ट नंतर सांगू, पूर्ण सांगू.

आपल्या गावातली गोष्ट, आजीकडून ऐकलेली किंवा पोरींनी बदललेली, आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू.